गाडीच्या डोळ्याला कुंकू

माझी गाडी कशालाही धडकू शकत नाही!

हे मी बढाई म्हणून सांगत नाही, अधिकाराने सांगतो. म्हैसूरजवळ कडकोळच्या ज्या कारखान्यात मी नोकरी करतो, तिथे गाड्यांचे मेंदू तयार होतात. समोर माणूस, म्हैस, खांब, काहीही आलं की ड्रायव्हरच्या आधी ब्रेक दाबणारी इलेक्ट्रॉनिक पेटी! तिला काचेमागे एक कॅमेरा असतो आणि पुढच्या जाळीमागे रडार. माणूस डुलक्या घेतो, बायकोशी भांडतो, शेजारच्या गाडीत कोण बसलंय ते वाकून बघतो. पेटी यातलं काही करत नाही. माझ्याकडे गिऱ्हाइकांच्या तक्रारी तपासायचं काम आहे. ‘गाडी उगाचच थांबते’ अशी तक्रार आली की आम्ही पेटी मागवतो, तपासतो आणि नम्रपणे कळवतो, ‘दोष आढळला नाही.’ मग दोष कोणाचा, ते गिऱ्हाइकाने आपलं आपण समजून घ्यायचं.

तर अशी पेटीवाली नवी कोरी गाडी मी घेतली, ती अप्पांसाठी.

अप्पा म्हणजे माझे वडील, चिदंबरराव. आमचं घराणं म्हैसुरात इतकं मुरलंय की घरातलं भांडण मराठीत सुरू होतं आणि कन्नडमध्ये मिटतं. अप्पांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, कालव्यांच्या बांधावरून जीप हाकण्यात गेली. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला ऊस, मध्ये चाकांपुरती माती. पण जीपला कधी ओरखडा नाही! आणि गेल्या वर्षी त्याच अप्पांनी आमची जुनी गाडी आमच्याच फाटकावर घातली. कोणाला काही लागलं नाही. फाटक आठवड्यात उभं राहिलं, अप्पा मात्र बसले ते बसलेच.

कोणी त्यांना गाडी चालवू नका म्हटलं नाही. त्यांनीच किल्ली खुंटीला अडकवली. मग दिवसभर व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि रस्त्यावरून जाणाऱ्या परक्या गाड्यांना हळूच सांगायचे, “सेकंडला टाक रे, सेकंडला.” जेवण अर्ध्यावर आलं. बोलणं पावावर आलं. माझी बायको ईश्वरी साताऱ्याची, तिला आडपडदा ठाऊक नाही. ती म्हणाली, “त्यांच्या हातात स्टिअरिंग द्या. नाहीतर ते खुर्चीतच विरून जातील.”

दरवर्षी खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, गाडीची पूजा झाली की अप्पा आम्हाला टी. नरसीपूरच्या संगमावर न्यायचे. गेल्या वर्षी तेही चुकलं होतं. यंदा अप्पाच नेणार, असा मी चंग बांधला!

आदल्या दिवशी गाडीजवळ उभा राहून मी त्यांना व्याख्यान दिलं. “अप्पा, तुम्ही चुकलात तरी ही चुकत नाही. ही थांबली म्हणजे समोर काहीतरी आहेच. माणूस खोटं बोलेल, यंत्र खोटं बोलत नाही!” आणि आरशाच्या वरच्या बाजूला, काचेआड लपलेलं ते काळं भिंग मी बोटाने दाखवलं.

आई पदराला हात पुसत मागे उभी होती. तिने विचारलं, “म्हणजे हा हिचा डोळा, हौदा? होय ना?”

“डोळाच! साधासुधा नाही, गरुडाचा!”

इथेच माझी जीभ कोणीतरी आवरायला हवी होती.

आयुधपूजेच्या दिवशी आमच्या गावात कुंकवातून काही सुटत नाही. मिक्सर, शिवणयंत्र, पाना-पक्कड, सगळे कपाळ भरून बसतात! गाडीचा थाट तर विचारू नका. दोन्ही बाजूंना केळीची रोपं, पुढे शेवंतीचा जाड हार, चाकांखाली लिंबं. मी आत लिंबं शोधत होतो तेवढ्यात आईने पूजा उरकली. कोहळा फोडला आणि आम्ही निघालो.

अप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. वर्षभराने घड्याळ मनगटावर आलं होतं. त्यांनी सीट पुढे घेतली, मागे घेतली, आरसा पुसला आणि किल्ली फिरवली. मी शेजारी. मागे ईश्वरी आणि आई. आईने डोळे मिटून स्तोत्र धरलं. गाडी गल्लीतून अशी सुरेख निघाली की मला भरून आलं. बघा, म्हटलं, काय नाही करू शकत विज्ञान!

गावाबाहेर मोकळा रस्ता लागला. अप्पांनी जरा वेग घेतला. आणि खाड्! गाडी जागच्या जागी उभी! आईच्या मांडीवरचा कोसंबरीचा डबा उडाला आणि भिजवलेली मूगडाळ माझ्या मानेवरून शर्टात उतरली.

“काय होतं रे?” अप्पा दचकून म्हणाले.

समोर काही नव्हतं. रस्ता धुवून पुसून ठेवल्यासारखा. पण नोकरीची सवय वाईट! माझ्या तोंडून निघून गेलं, “असेल काहीतरी, अप्पा. कुत्रंबित्रं गेलं असेल.”

“मला नाही दिसलं,” अप्पा म्हणाले आणि डोळे चोळून पुन्हा निघाले.

थोडं पुढे गेलो आणि पुन्हा खाड्! मागच्या बसने कर्कश हॉर्न दिला. कंडक्टर दारातून ओरडला, “अज्जा, कण्णु काण्सल्वा?” म्हणजे आजोबा, डोळ्यांना दिसत नाही का? ईश्वरी मला मागून टोचत होती. “अहो, गाडीचंच काहीतरी बिघडलंय!”

“शक्य नाही!” मी म्हणालो. “गाडी उगाच थांबत नसते!”

हे वाक्य मी ऑफिसात इतक्यांदा टाइप केलंय की ते झोपेतही येतं. पण ते अप्पांनी ऐकलं. मान पुढे काढून, डोळे ताणून ते रस्ता बघू लागले. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा मागचा ट्रॅक्टर आमच्यावर चढता चढता राहिला. त्याच्याही नाकाला केळी बांधल्या होत्या आणि त्यावरची माणसं उतरून आम्हाला गाडी चालवायला शिकवू लागली. अप्पांनी गाडी कडेला घेतली आणि बंद केली.

“संकर्षण, इतक्यांदा समोर काहीतरी आलं,” ते सावकाश म्हणाले, “आणि मला एकदाही दिसलं नाही रे. फाटकही असंच नाही दिसलं बहुतेक. आता साकु! पुरे झालं.”

त्यांनी किल्ली माझ्या हातात ठेवली. मी तोंड लपवायला म्हणून खाली उतरलो आणि गाडीच्या पुढे गेलो.

आणि बघतो तर काय! काचेवर, बरोबर त्या गरुडाच्या डोळ्यासमोर, विभूतीचे तीन पट्टे आणि मधोमध ठसठशीत कुंकू! आतून आरशाआड ते दिसायचं कारणच नव्हतं. खाली रडारवर शेवंतीचा जाडजूड हार. आणि वाऱ्याने डावीकडच्या केळीचं पान दर दोन श्वासांनी पुढे येऊन सलाम ठोकत होतं. बिचारी पेटी आंधळ्या भिंगातून केळीचं पान बघत होती आणि ‘माणूस! माणूस!’ म्हणून ब्रेक दाबत होती!

“आई! हे कोणी केलं?”

“मीच की! डोळ्यालाच लावलं, तूच दाखवलास ना?” आई म्हणाली. “दृष्ट लागू नये म्हणून!”

मी आनंदाने नाचायचाच राहिलो. “अप्पा! तुमचा काही दोष नाही! गाडीला कुंकवाने दिसत नव्हतं! थांबा, सिद्ध करून दाखवतो!”

मी काच पुसली, हार आणि केळी काढल्या, अप्पांना मागे बसवलं आणि गाडी घेतली. लोण्यासारखी धावली! एकदाही थांबली नाही! “बघितलंत?”

“बघतोय,” अप्पा मागून म्हणाले. “तू चालवलीस की थांबत नाही.”

अय्यो! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं! पण मी तक्रार विभागातला माणूस. दोष सिद्ध करायचा तर दोषासकट सिद्ध करायला हवा. मी पुन्हा गाडी कडेला घेतली. केळी बांधल्या, हार घातला, आईच्या डबीतलं कुंकू घेऊन भर रस्त्यात गाडीला टिळा लावला. जाणाऱ्या एका बाईने भक्तिभावाने हात जोडले. कमी पडायला नको म्हणून मी जरा सढळ हातानेच लावलं होतं. मग स्टिअरिंगवर बसून घोषणा केली, “आता बघा कशी थांबते!”

समोरच्या पडद्यावर दिवा लागला. ‘कॅमेरा अस्वच्छ. यंत्रणा बंद.’

आणि गाडी निमूट चालत राहिली. थांबेचना! केळीचं पान सलाम ठोकून ठोकून दमलं, तरी थांबेना!

मागून अप्पा म्हणाले, “दोष आढळला नाही. असंच लिहिता ना तुम्ही?”

रागाने म्हणाले असते तर बरं झालं असतं. ते समजुतीने म्हणाले.

“अप्पा, खरंच सांगतोय मी!”

“सुम्ने, उगाच समजूत घालू नकोस रे. यंत्र खोटं बोलत नाही. तूच म्हणालास.”

नरसीपूरला जायची कोणालाच इच्छा उरली नाही. मी पुन्हा सगळं पुसून-सोडून गाडी घराकडे वळवली. पण तोंड थांबेल तर शपथ! मान मागे वळवून वळवून मी अप्पांना भिंगाचं शास्त्र समजावत होतो. ईश्वरी म्हणत होती, “अहो, पुढे बघा!” मी म्हणत होतो, “तू गप्प बस, सुरक्षेबद्दल मला सांगू नकोस!”

“नायी! नायी! कुत्रं!” अप्पा एकदम ओरडले. आणि मग, मागाहून, गाडी खाड्कन थांबली!

बॉनेटसमोर एक तांबडं कुत्रं उभं होतं. आमच्याकडे त्रासिकपणे बघून ते चालतं झालं.

मला ते दिसलंच नव्हतं. पेटीला दिसलं. पण पेटीच्याही आधी अप्पांना दिसलं, तेही मागच्या सीटवरून!

“अप्पा!” मी ओरडलो. “तुमची नजर शाबूत आहे! गाडीला हरवलंत तुम्ही!”

अप्पा खाली बघत होते. त्यांचा उजवा पाय माझ्या सीटमागच्या चटईवर गच्च रोवलेला होता, अगदी गुडघ्यापासून ताठ.

“वेळेवर थांबवली मी,” ते स्वतःशीच म्हणाले. कितीतरी महिन्यांनी त्यांच्या चेहऱ्यावर जीव दिसला.

मी खाली उतरून किल्ली पुढे केली. “बसा पुढे. अजूनही नरसीपूर गाठू.”

त्यांनी किल्लीकडे बघितलं. हात थोडा वर आला, आणि परत मांडीवर गेला. “बेडा रे, नको. तिला दिसतं, मला दिसतं. एका म्यानात दोन तलवारी कशाला?”

त्यानंतर अप्पा स्टिअरिंगवर बसले नाहीत. मी पुष्कळ विनवलं, ईश्वरी रागावली, आईने तर त्या डोळ्याकडे बघणंच सोडलं. मला फार वाईट वाटतं. परवा ऑफिसात एक तक्रार आली, ‘गाडी उगाच थांबते.’ मी नेहमीचं वाक्य टाइप केलं, खोडलं आणि विचारलं, ‘गाडीची पूजा केली होती का?’ साहेबांनी मला चार दिवस रजा घ्यायला सांगितलंय.

तेवढा वेळ मिळालाय, म्हणून मी अप्पांना रोज फिरवून आणतो. ते बरोबर माझ्या मागे बसतात. गतिरोधक आला, सिग्नल आला, की मागे चटईवर पाय दाबल्याचा आवाज येतो. मी इथे ब्रेक दाबतो. गाडी थांबते. मग मी आरशात बघून म्हणतो, “बरं झालं अप्पा, वेळेवर थांबवलीत!”

यंत्र खोटं बोलत नाही ना. मग कोणीतरी बोलायला नको?