सुपारी फुटेपर्यंत

बैठकीच्या दिवशी सकाळी आसारामनं गोळी बदलली आणि पुढचं सगळं रामायण तिथून सुरू झालं. तसं गोळी बदलणं त्याला नवं नव्हतं. शेवगावच्या बाजार समितीत कारकुनी करणारा हा माणूस कोट बदलायचा तो सणासुदीला, पण ब्लडप्रेशरची गोळी मात्र बाजाराच्या बाजाराला.

पहिल्या गोळीनं त्याचं नाक चोंदलं आणि कचेरीत टेबलावरच डोळा लागायला लागला. सोडली. दुसरीनं जीभ टाळूला चिकटली. सोडली. तिसरी घेतल्यापासून बसलेला आसाराम उठला की डोळ्यांपुढं काजवे चमकायचे. मध्ये काही दिवस त्यानं काहीच घेतलं नाही, तेव्हा डोकं असं ठणकलं की अंगणात कोंबडी चालली तरी त्याला रोलर फिरल्यासारखं वाटे. (प्रेशरचं काय झालं, ते विचारू नका. कोणत्या गोळीला भ्यायचं हे ते बिचारं विसरूनच गेलं होतं.) "अहो, एकीला तरी धड नांदू द्या!" असं डॉक्टर हात जोडून म्हणाले होते.

पण घरात कानिफनाथ होता. हा आसारामचा मेहुणा, एस.टी.त कंडक्टर. तिकिटं फाडता फाडता तो उतारूंना त्यांची दुखणी विचारायचा आणि ज्याला ज्या औषधानं गुण आला ते दाजींसाठी घेऊन यायचा.

बैठक होती आसारामच्या मुलीच्या, पुष्पावतीच्या, लग्नाची. पुष्पावती नगरला डी.एड. करत होती आणि तिचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. मुलगा राधाकृष्ण साखर कारखान्यात नोकरीला. त्याला ती पसंत, तिला तो पसंत. घोडं अडलं होतं ते मुलाच्या वडलांपाशी. आप्पासाहेब हे नेवाशाकडचे बागायतदार. त्यांना लग्न याच वैशाखात हवं होतं आणि सून मास्तरीण नको होती.

"अण्णा, एवढंच सांगा त्यांना," पुष्पावती म्हणाली. "वर्ष पुरं होऊ द्या, मग लग्न. आन मी नोकरी करनार."

तिचे डोळे भरून आले होते. आसारामनं तिच्या डोक्यावर हात ठेवून शब्द दिला. पण शब्द देणं वेगळं आणि चारचौघांत तो उच्चारणं वेगळं. आसाराम उभ्या जन्मात कुणाला 'नाही' म्हणाला नव्हता. (दारावर आलेल्या बोहारणीलाही तो 'उद्या बघू' म्हणायचा आणि उद्या लपून बसायचा.) त्याची बायको चांगुणा हे पुरतं ओळखून होती.

"आज तोंड उघडलंत तर जेवताना पापड देईन," ती म्हणाली.

डॉक्टरांनी मीठ बंद केल्यापासून पापड आसारामच्या स्वप्नात यायचा. त्यानं मुठी वळल्या.

तेवढ्यात कानिफनाथ म्हणाला, "दाजी, आन ऐन बैठकीत चक्कर आली तर? ती गोळी सोडा. ही घ्या, नेवाशाच्या डॉक्टरची. लई नामी हाय."

"हिनं काय हुतं?"

"अंगातलं जादा पानी निघून जातं."

ते नेमकं कुठून निघून जातं, हे आसारामनं विचारलं नाही. गोळी घेतली आणि वर तांब्याभर पाणी प्याला.

आता बैठकीचा एक दंडक असतो. सुपारी फुटेपर्यंत दोन्हीकडच्या बापांनी जागचं हलायचं नाही. उठला तो बोलणी मोडून उठला, असाच अर्थ. दुसऱ्या दिवशी गावोगाव बोभाटा.

आप्पासाहेबांनी फेटा सावरला. "आमचं म्हननं सरळ हाय. लगीन वैशाखात. पोरीचं शिकनं आता बास."

आसारामनं तोंड उघडलं. शब्द ओठांपर्यंत आला आणि त्याच क्षणी नेवाशाची गोळी ओटीपोटापर्यंत आली. तो ताडकन उठला. आदल्या दिवसाची गोळी अजून अंगात होतीच, तिनं डोळ्यांपुढं काजवे आणले. त्यानं दाराची चौकट धरली, डोळे मिटले, दात आवळले आणि अवाक्षर न बोलता आत गेला.

बैठक गारठली.

"दाजी तापले की बोलत न्हाईत, आत जाऊन थंड हून येत्यात," कानिफनाथनं सारवासारव केली.

परसातल्या मोरीवरून आसाराम परत आला तेव्हा आप्पासाहेबांचा आवाज उतरला होता. "बरं, ऱ्हायलं. लगीन झाल्यावर शिकंल की ती. आमी काय न्हाई म्हनतो?"

आसाराम पुन्हा 'वर्ष पुरं' म्हणायला गेला आणि पुन्हा उठला. पुन्हा चौकट, पुन्हा मिटलेले डोळे. या खेपेला आप्पासाहेबांच्या कपाळावर घाम आला. ते मांडी बदलत होते, पानाचं तबक उगाच पुढं-मागं सरकवत होते.

"थांबतो वर्षभर!" आसाराम आत येताच ते म्हणाले. "पन नोकरी तेवढी..."

आसारामनं गुडघ्यांवर हात टेकले.

"करू द्या नोकरी!" आप्पासाहेब ओरडलेच. "जलमभर करू द्या! पन देवा, सुपारी फोडा आदी!"

कानिफनाथनं सुपारी फोडली. कुंकवाची बोटं लागायच्या आत आप्पासाहेब दिसेनासे झाले.

स्वयंपाकघरात पुष्पावतीनं आसारामच्या पायांवर डोकं ठेवलं. ती रडत होती आणि हसतही होती. चांगुणाच्या चेहऱ्यावर तर लग्नानंतर प्रथमच कौतुक उमटलं होतं. तिनं त्याच्या ताटात भाजलेला पापड वाढला.

"काही ठिकानी बोलायचं नसतं," आसाराम मिशीवर हात फिरवत म्हणाला. "नुसतं उठायचं." (एव्हाना त्याला स्वतःलाही ते खरं वाटायला लागलं होतं.)

आणि तो पुन्हा उठला.

मोरीचं पत्र्याचं दार आतून बंद होतं. ते उघडलं आणि आप्पासाहेब बाहेर आले, चारी धाम करून आल्यासारखे प्रसन्न.

"पाव्हनं," ते म्हणाले, "तुमी दोनदा उठलात, लई हेवा वाटला बगा. मी मुलाचा बाप. मी उठलो असतो तर सोयरीक मोडली असती."

"म्हंजे तुमालाबी...?"

"नेवाशाच्या डॉक्टरनं परवाच गोळी बदलून दिली. आदीच्या गोळीनं निस्ती झोप यायची. तिच्यावर असतो तर दिवेलागनीपर्यंत बसलो असतो आन तुमचं एक ऐकलं नसतं." मग जरा थांबून ते हसले. "पन झालं ते ब्येस झालं. आमचा राधाकृष्णबी हेच म्हनत हुता, पोरीला शिकू द्या म्हनून. मलाच हट्ट सोडवत नव्हता."

आसारामला बरंच काही बोलायचं होतं, पण वेळ नव्हता. तो आप्पासाहेबांना वळसा घालून आत पळाला. पळता पळता त्याला दिसलं, की पाहुण्यांच्या हातावर पाणी घालायला तांब्या घेऊन आलेली चांगुणा मागंच उभी आहे.

तो ताटावर परतला तेव्हा पापड गेला होता. पुष्पावती तो कुडुमकुडुम खात होती.

"प्रेशर हाय तुमाला," चांगुणा म्हणाली आणि तिनं बिनमिठाची भाजी वाढली. "आन कानिफला म्हनावं, नेवाशाच्या डॉक्टरला सांगून ठेव. आता वर्षभर गोळी बदलायची न्हाई."

"न्हाई बदलत," आसाराम पुटपुटला.

"तुमची न्हवं," ती म्हणाली. "व्याह्यांची."