नऊ म्हणजे उत्तम

मेट्रनबाईंनी मीटिंगमध्ये छातीठोकपणे सांगितलं, "तीन फेऱ्या. तिसऱ्या फेरीला एकमत झालं नाही, तर मला परत बेडपॅन उचलायला लावा."

दुखणं जुनंच होतं. म्हातारे पेशंट पलंगावरून पडत. कठडे वर ठेवायचा नियम भिंतीवर होता. पाळत कुणी नव्हतं. तो पाळला कसा जाईल, याच्या दहा उपायांची यादी बाईंनी बारा जाणकारांना पाठवली. एकमेकांना न विचारता प्रत्येक उपायाला एक ते नऊ गुण द्यायचे, सगळ्यांचा कल पाहून पुन्हा द्यायचे. मोठ्या डॉक्टरांपुढे मुंडी हलवायची भानगडच नाही.

फक्त नऊ म्हणजे उत्तम, हे लिहायचं राहिलं. सातजणांनी आवडत्या उपायाला 'पहिला नंबर' म्हणून एक दिला आणि जो अगदीच नको, त्या लाऊडस्पीकरवरून सूचना देण्याच्या उपायाला नऊ. लाऊडस्पीकर पहिला आला. पुढच्या फेऱ्यांत सगळ्यांनीच, चारचौघांपुढे आपलं शहाणपण कशाला, म्हणत त्यालाच कौल दिला. एकमत झालं.

वॉर्डात दर दोन तासांनी बाईंचा आवाज घुमू लागला. "कठडा खाली असेल तर लगेच वर करा."

बाईंचे वडील निमोनिया होऊन त्याच वॉर्डात होते. दोन दिवसांत घरी जायचे होते. दुपारी सूचना झाली. ते उठले, कठडा ओढायला वाकले आणि पडले. खुबा मोडला.

"नाना, ते नर्सना सांगितलं होतं हो," बाई कशाबशा म्हणाल्या.

"मला काय ठाऊक? तू सांगितलंस, मी उठलो."

बाईंनी रजा टाकून सगळे कागद पुन्हा तपासले. चूक सापडली. ती बाराही जणांना लिहून कळवली आणि फेऱ्या नव्याने घेतल्या. या वेळी खरं एकमत झालं: पाळी बदलताना मावशींनी प्रत्येक कठड्याला हात लावून बघायचा. पुढचे तीन महिने वॉर्डात कुणी पडलं नाही. नाना मात्र पुन्हा चालले नाहीत.

एकदा घरी बाई पेज भरवत असताना नानांनी विचारलं, "तो भोंगा काढलास का गं?"

"त्याच दिवशी काढला, नाना."

"बरं केलंस." त्यांनी घास गिळला. "पण तुझी आई गेल्यापासून दिवसातून इतक्यांदा मला कुणी काही सांगितलं नव्हतं."