फ्रिज हॉलमध्ये आणण्याची योग्य पद्धत

घर टिकते ते सिमेंटामुळे नव्हे. मोठ्या माणसाने एकदा मोजलेले दुसऱ्यांदा कोणी मोजत नाही, म्हणून घर टिकते. जिथे हा नियम पाळत नाहीत, तिथे सगळ्या वस्तू जागेवर असतात आणि माणसे एकमेकांशी बोलत नाहीत. (जबलपुरात आमच्या राइट टाउनमधल्या ओळखीच्या घरांची मी मनातल्या मनात पाहणी केली आहे. अपवाद एकच निघाला, आणि ते लोक भाड्याने राहतात.)

आमच्याकडे मोजण्याचा अधिकार माझ्या मोठ्या दिरांचा, म्हणजे हेमचंद्र भाऊजींचा. ते सरकारी बांधकाम खात्यातून निवृत्त झाले. नोकरीभर त्यांनी पूल मोजले. त्यातले बरेच उभे आहेत. घरातल्या कामांत त्यांच्या यशाचे प्रमाण शंभर टक्के आहे, कारण वस्तू बसली नाही तर दोष वस्तूचा धरण्यात येतो. जिन्यात उभे असलेले सागवानी कपाट हे असेच एक दोषी कपाट होय. त्याच्या बाजूने अंग चोरून जावे लागत असल्याने घरातल्या सर्वांचे वजन आटोक्यात राहिले आहे.

प्रस्तुत प्रकरण स्वयंपाकघराच्या फरशीचे. जुन्या फरशीला भेगा पडून त्यांत मुंग्यांनी संसार थाटले होते. महालक्ष्म्यांच्या जेवणाला सूनबाईची, म्हणजे चिन्मयीची आई नागपूरहून येणार होती, आणि विहीणबाईंच्या पानाशेजारून मुंग्यांची वरात जाणे बरे दिसले नसते. पण चातुर्मासात आमच्याकडे जमीन खोदत-फोडत नाहीत. तेव्हा जुनी फरशी तशीच ठेवून तिच्यावर टाइल बसवावी, असे ठरले. खालच्या फरशीच्या मानापमानाचाही त्यात विचार झाला.

अडचण म्हणावी अशी एकच होती. आमचा फ्रिज भिंतीतल्या कोनाड्यासारख्या जागेत उभा असे आणि त्याच्या डोक्यावर भिंतीत बसवलेली दगडी फळी आहे. फळीवर देवघर, देवघरापुढे नंदादीप. आषाढी एकादशीपासून कार्तिकीपर्यंत तो विझू द्यायचा नाही आणि जागचा हलवायचा नाही, असा माझा नेम आहे. फ्रिज आणि फळी यांच्यामध्ये जागा म्हणाल, तर पुसायला हात घातला की बांगडी अडते, एवढी.

मोजणी विधिवत झाली. भाऊजींची त्या वेळी आंघोळ व्हायची होती, आणि पारोशाने देवघराजवळ जाणे नाही. म्हणून त्यांनी उंबऱ्याबाहेर उभे राहून, एक डोळा मिटून, नजरेने माप घेतले.

"पुरेल," ते म्हणाले.

"पुरेल मतलब?" टाइलवाल्या विक्की भैयाने विचारले.

"आ जाएगा," आमच्या सौमित्रने भाषांतर केले.

"तो आ जाएगा," विक्की भैया प्रसन्न झाला. "आज तक सब आ ही गया है, दीदी."

सौमित्र इंजिनिअर आहे. त्याच्या बॅगेत टेप असतो. चिन्मयी हळूच म्हणाली, "काहून मोजून नाही राहिला तू?"

"काकांनी मोजलं न."

"डोळ्यानं?"

"मग? टेप तरी शेवटी डोळ्यानंच वाचतात न!" असे म्हणून त्याने बॅग पायाने सोफ्याखाली सरकवली. मुलावरचे संस्कार असे वेळेवर दिसले की बरे वाटते.

फ्रिज हॉलमध्ये काढला. ओमती भागातल्या दुकानातून टाइल आल्या, खाली सिमेंटचा माल पडला, आणि फरशी अशी उजळली की मुंग्याही दारातून परत गेल्या. मग फ्रिज आत नेला. तो फळीपाशी आला आणि थांबला. जास्त नाही, एका अनारशाच्या जाडीने. त्याचे पाय काढले. आता एका पापडाच्या जाडीने थांबला.

सगळे भाऊजींकडे पाहू लागले.

"फ्रिज वाढला आहे," त्यांनी निदान केले.

"काका, फ्रिज वाढते का?" चिन्मयी.

"गरमीत लोखंड वाढतं. पुलाला फट काहून सोडतात मग?"

फ्रिज आतून थंड असतो, अशी एक शंका माझ्या मनात आली. पण माझ्या मनात पुष्कळ काही येते, आणि अशा वेळी मी जप करते.

पुढील कार्यवाहीसाठी तिथेच बैठक झाली. थंडीत फ्रिज आकसेपर्यंत वाट पाहावी, हा भाऊजींचा प्रस्ताव तत्त्वतः मंजूर झाला. (जबलपूरची थंडी चांगली असते, पण महालक्ष्म्यांना ती येत नाही.) टाइल उखडाव्या, तर चातुर्मास. विक्की भैयाने ग्राइंडर दाखवून "ऊपर से थोड़ा घिस दूँ?" असे फ्रिजबद्दलच विचारले, तेव्हा त्याला चहा देण्यात आला.

मग हळूहळू सगळ्यांच्या नजरा वर गेल्या. फळीकडे.

"आई," चिन्मयी लाडाने म्हणाली, "दिवा ओट्यावर ठेवू न. फळी थोडी वर घेऊन घेऊ. दिवा तर तोच राहते, जागाच बदलते."

पोरीचे वाईट मनात नव्हते. पण भाऊजींनी घसा खाकरला. त्यांनी ओट्याकडे तोंड वळवले. एक डोळा मिटला. त्यांच्या तोंडून "पुरेल" निघाले असते, तर माझा नेम तिथेच मोडला असता, कारण त्या शब्दावर आमच्या घरात अपील नाही.

"भाऊजी," मी म्हटले, "ही फळी कुणी मोजून बसवली होती?"

मिटलेला डोळा मिटलेलाच राहिला.

"मी," ते म्हणाले.

"हो न? मग तिची उंची चुकली, असं माझ्या तोंडानं कसं म्हणू? माझ्यानं नाही म्हणवत."

विक्की भैयाने बशी हळूच खाली ठेवली. मग भाऊजींनी डोळा उघडला.

"फळी बरोबर आहे," ते म्हणाले. "तिला कोणी हात लावायचा नाही."

दिवा तेवत राहिला. फ्रिज तात्पुरता म्हणून सोफा आणि टीव्हीच्या मध्ये गेला, आणि आमच्या घरात तात्पुरते म्हणजे काय हे त्यालाही लवकरच समजले.

महालक्ष्म्यांना विहीणबाई आल्या. दारातच थबकल्या. "अय्या! फ्रिज हॉलमध्ये?"

"आता असंच करून राहिले लोक, मम्मी," चिन्मयी पापणीही न लववता म्हणाली.

तिचा शब्द खरा झाला. महिन्याभरात आमच्या गल्लीतल्या आणखी दोन घरांनी फ्रिज हॉलमध्ये आणला. त्यांच्यापैकी एकाचा तर आत अगदी मापात बसलेला होता. तो काढायला चार माणसे लागली. लाभ अनेक आहेत. पाहुणा उठून स्वतःच पाणी घेतो, आणि मालिका पाहताना कोण किती वेळा बर्फी काढते, हे उघड असते.

तुम्ही हे वाचून हसलात, याचा आनंदच आहे. आता एक करा. तुमच्या घरात जे दार निम्मेच उघडते, ते तसे कुणी बसवायला सांगितले ते आठवा. ते बहुधा समोरच पेपर वाचत बसले असतील. त्यांच्यादेखत उठा, टेप आणा, आणि मोजा.

नाही उठत? मग या आमच्याकडे चहाला. दूध हॉलमध्येच आहे.