सासूबाईंची विळी

वरच्या टोकापासून खाली बोटभर अंतरावर केसाएवढी बारीक रेघ होती. कृष्णकांत टिपणीसनं चष्मा पुसला, पातं उजेडात धरलं, तरी रेघ होतीच. नख फिरवलं तर नख अडकलं. पातं तडकलं होतं, आणि तेही कुठलं? शशिकलाच्या आईच्या विळीचं.

आता हा माणूस बेलापूरच्या सरकारी कचेरीत जावक विभागात पाकिटांवर तिकिटं चिकटवणारा. त्याला लोहारकामाचं खूळ लागायचं काही कारण होतं का? पण रद्दीवाल्याकडे एक विलायती मासिक मिळालं आणि साहेब पेटले. ट्रकचा जुना ब्रेक ड्रम आला, त्याची भट्टी झाली. वारा द्यायला हातानं फिरवायचा पंखा आला, रेल्वेच्या रुळाचा तुकडा ऐरण म्हणून बसला आणि तळोज्याच्या बंद पडलेल्या कारखान्यातून एक ग्राइंडर आला. पनवेलच्या लाईन आळीतल्या त्या घराच्या परसात आठ महिने ठोकठोक चालली होती. त्यातून निघाल्या काय, तर एकवीस खुंट्या. एकीचं तोंड पूर्वेला, तर दुसरीचं पश्चिमेला! एकसारख्या दोन खुंट्या त्याला आजवर जमल्या नव्हत्या.

शशिकलानं हे सगळं एका अटीवर सोसलं होतं. पहिल्याच दिवशी परसदारी उभं राहून तिनं बजावलं होतं, "आईच्या एकाही वस्तूला हात लावायचा नाही. ज्या दिवशी लावाल, त्या दिवशी हे सगळं भंगारवाल्याच्या हातगाडीवर. कळलं?"

आणि आईची वस्तू म्हटली की पहिली विळी. चाळीस वर्षांची. सासूबाई गेल्यानंतर शशिकलानं माहेरहून दुसरं काही आणलं नाही, फक्त ही विळी आणली. आळीत कोणाकडे हळदीकुंकू असो, बारसं असो, शशिकलाच्या तोंडी आईच्या विळीची धार यायचीच. खरं तर ती धार गेली होती. भेंडीसुद्धा चिरण्याऐवजी चेंगरत होती. "उरण नाक्यावरच्या दाजी लोहाराकडे देऊ का?" असं त्यानं विचारलं, तेव्हा ती अंगावरच आली. "दाजीकडे? मुळीच नाही! त्यांना काय किंमत आईच्या वस्तूची?"

मग कृष्णकांतला वाटलं, आपणच गुपचूप धार लावून ठेवावी. दसऱ्याची भेट.

अष्टमीच्या दुपारी शशिकला शेजारच्या मैनावहिनींबरोबर बाजारात गेली आणि यानं पातं पाटावरून काढून ग्राइंडरला लावलं. ठिणग्या काय उडाल्या! धारेला झकास मोरपिशी रंग चढला. त्या रंगावर तो इतका खूश झाला की त्यानं अजून दाबून धरलं. मग अंगठा लावून पाहिला, तर धार डब्याच्या पत्र्यासारखी वाकली. लोखंडाचं पाणीच उतरलं होतं, कडकपणा गेला होता. मासिकात याच्यावर उपाय होता: लाल करा आणि पाण्यात बुडवा. त्यानं पातं लालभडक केलं आणि बादलीत बुडवलं.

"टण्" असा आवाज आला. फार मोठा नाही, पण कृष्णकांतनं पातं बाहेर काढून घाईघाईनं चष्मा पुसला.

तरी डोकं थोडं चाललं. पातं वर्तमानपत्रावर ठेवून त्यानं पेन्सिलीनं भोवती रेघ ओढली, वरच्या खोवणीचे दातही एकेक करून काढले. कागद खिशात घातला आणि पातं पाटावर बसवतो न बसवतो तोच फाटक वाजलं.

"अहो, विळी कुठाय?" शशिकलाच्या कडेवर तांबडा भोपळा होता. "उद्याच्या नैवेद्याचा भोपळा आत्ताच चिरून ठेवते."

कृष्णकांतची नजर सैरावैरा फिरली आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर जाऊन थांबली. "विळी पूजेला मांडली," तो बोलून बसला.

"कसल्या पूजेला?"

"खंडेनवमीच्या. नवमी आज दुपारीच लागली. मी आता लोहारकाम करतो, तर हत्यारांची पूजा नको का? आणि पूजेला मांडलेलं हत्यार दसऱ्यापर्यंत उचलायचं नसतं."

सत्यनारायणाला बसायचं म्हटलं की ज्याची कंबर धरायची, तो हा माणूस! शशिकला भोपळा कडेवर घेऊन तशीच उभी राहिली. मग तिचा आवाज एकदम ओला झाला. "आणि त्यात आईची विळी ठेवलीत?"

"मानाची म्हणून," कृष्णकांत म्हणाला, आणि स्वतःचीच त्याला किळस आली.

तिनं भोपळा खाली ठेवला आणि हे सांगायला ती तडक मैनावहिनींकडे गेली. तेवढ्यात यानं रुळाच्या तुकड्याशेजारी विळी मांडली, तड्यावर हळदकुंकू थापलं आणि वर झेंडूचा ढीग केला.

नवमीला सकाळी साडेसातला तो उरण नाक्यावर दाजींच्या दुकानात हजर. दाजी म्हणजे साठीचा गडी, दंड लाकडाच्या ओंडक्यासारखे. भट्टी गार होती, हातोडे धुऊनपुसून रांगेत मांडलेले, वर फुलं.

"दाजी, एक पातं करून पाहिजे. आजच्या आज. माप आणलंय."

"आज?" दाजी हसले. "सायेब, आज खंडेनवमी. आज आमी हत्यार उचलत नाय. पूजेला मांडलेलं उचलायचं नसतंय, ठाव नाय तुमाला?"

कालची आपलीच थाप आज आपल्याच गळ्यात! कृष्णकांतला रडावं की हसावं कळेना. "फार अडचण आहे हो."

दाजींनी कागद उलगडला. बघता बघता त्यांच्या कपाळावर आठी चढली, मग उतरली. त्यांनी खोवणीवर बोट ठेवलं. "नऊ दात. आन् हा एक आकूड. कोनाची इली ही?"

"एका... एका मित्राची आहे."

"मित्राची काय? बरं बरं." दाजींना खोकल्याची उबळ आली. खोकून झाल्यावर त्यांनी कागद नीट घडी घालून बंडीत ठेवला. "उद्या दसरा. पूजा उठली का भट्टी पेटवतो. तवर मित्राला धीर धराया सांगा."

म्हणजे आजचा एक दिवस काढायचा. विळीला कोणी हात लावणारच नव्हतं, तेव्हा काढता आला असता. पण कृष्णकांत घरी पोचला तर परसात जत्रा! मैनावहिनींनी आळीभर डांगोरा पिटला होता. कोणी कोयता आणलेला, कोणी कात्री, एका बाईनं तर शिवणयंत्रच उचलून आणलं होतं. सगळं ऐरणीभोवती मांडलेलं. मध्यभागी मानाच्या जागी झेंडूत बुडालेली विळी आणि तिच्यासमोर भलामोठा कोहळा.

"हा कशाला?" कृष्णकांतनं विचारलं.

"अहो भावजी, नवमीला कोहळा कापतात ना!" मैनावहिनी म्हणाल्या. "आमच्या सासरी दरवर्षी असतो. मी म्हटलं, इतकं सगळं करताय तर हेही होऊन जाऊ दे. आणि कापायचा शशीच्या आईच्या विळीनंच. एवढी तारीफ ऐकतो, एकदा धार बघू तरी!"

"पण उचलायचं नसतं," कृष्णकांत म्हणाला.

"बळीला चालतं. मी भटजींना विचारून आले. आणि कापणार कोण, सांगू? दाजी लोहार! मी आमच्या ह्यांना स्कूटरवर पाठवलंय त्यांना आणायला. स्पेशल गेस्ट!"

शशिकलाच्या हातातली हळदीची वाटी कलंडली. "दाजी कशाला?" ती जवळजवळ ओरडलीच. "उगाच त्यांना त्रास. यांनी कापला तरी चालेल!"

कृष्णकांतनं बायकोकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढरा पडला होता. संपलं, त्याला वाटलं. हिला संशय आलाय. कालपासून हिला ठाऊक आहे, आणि आता चारचौघांत उघडं पडू नये म्हणून धडपडतेय बिचारी. ह्या विचारानं त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सगळं आत्ताच सांगून टाकावं म्हणून तो दोन पावलं पुढेही गेला, पण फाटकाशी स्कूटर थांबली आणि दाजी उतरले. धुतलेलं धोतर, कपाळावर गंध.

वीसएक माणसं गोल करून उभी राहिली. आरती झाली. कृष्णकांतला तिचा एक शब्द ऐकू आला असेल तर शपथ. कोहळ्यावर वजन पडलं की पातं तड्यात मोडणार, एक तुकडा दाजींच्या हाताला लागणार, दुसरा शशिकलाच्या पायाशी पडणार, आणि उद्या सकाळी हातगाडी दारात. भट्टीचं जाऊ दे. चुलीत जाऊ दे ती भट्टी. पण आईची एकच वस्तू होती तिच्याजवळ!

"घ्या दाजी!" मैनावहिनींनी कोहळा पुढे केला.

दाजी खाली बसले. झेंडू बाजूला सारले. पाटावर पाय ठेवला आणि पात्यावरून अंगठा फिरवायला लागले. कुंकू पुसत पुसत अंगठा वर गेला आणि बरोबर त्या जागी थांबला. कृष्णकांतनं डोळे मिटले. उघडले तेव्हा दाजी त्याच्याकडे बघत होते. मग त्यांनी शशिकलाकडे पाहिलं. शशिकला पदराचं टोक चावत होती.

दाजींनी पाय काढून घेतला. विळीला हात जोडले.

"हिनं नाय कापायचा."

"का हो?" मैनावहिनी.

"आयची इली हाय ही. आयची वस्तू लेकरांना जेवू घालाया असते, बली द्याया नाय." असं म्हणून दाजींनी कोहळा दोन्ही हातांनी डोक्यावर उचलला आणि ऐरणीवर असा आपटला की त्याच्या चार फोडी झाल्या. बियांचा शिंतोडा शिवणयंत्रावर उडाला. टाळ्या पडल्या. दोन-तीन बायकांनी तर वाकून विळीला नमस्कार केला.

घामानं कृष्णकांतचा सदरा पाठीला चिकटला होता. माणसं पांगली, मैनावहिनी प्रसाद वाटायला आळीत गेल्या. शशिकला चहा टाकायला आत पळाली. परसात दाजी आणि तो, दोघंच उरले.

"दाजी, तुमचे उपकार कसे फेडू?" तो हळूच म्हणाला. "मित्राची नाही हो ती. माझ्याच हातून तडकली. हिच्या आईची, चाळीस वर्षांची..."

"कागद बगितला तवाच वलकली," दाजी म्हणाले. "खोवनीचा एक दात आकूड हाय ना? कानस सटकली माजी. माज्या हातचं काम मना नाय कलनार?"

"तुमच्या हातचं? अहो, ही सासूबाईंची विळी!"

दाजींनी स्वयंपाकघराच्या दाराकडे एकदा बघून घेतलं आणि आवाज उतरवला. "चार वर्सां झाली. तुमच्या घरच्या वयनी आल्या व्हत्या, असाच कागद घेऊन. घासलेटच्या डब्याचं झाकन उचकटाया गेल्या आन् पातं मोडलं. मना बोलल्या, मैत्रिनीची हाय. आन् बोलल्या, आमच्या घरी कलू देऊ नका."

कृष्णकांत मटकन ऐरणीवर बसला, कोहळ्याच्या बियांसकट. म्हणून दाजींचं नाव काढलं की ती अंगावर यायची! म्हणून मघाशी वाटी कलंडली! "म्हणजे सासूबाईंचं खरं पातं चार वर्षांपूर्वीच..."

"खरं पातं?" दाजींना पुन्हा ती खोकल्याची उबळ आली. "तुमची सासू पनवेलचीच ना? माजा बाप सांगायचा. तीपन आल्याली, कागद घेऊन. शेजारनीची हाय म्हनून!"

"मग दाजी, यात जुनं आहे तरी काय?"

"पाट असंल," दाजी म्हणाले. "पन त्याचं मी कसं सांगू? ते सुताराला इचारा."

"अहो," आतून शशिकलाचा आवाज आला. जरा कापरा. "काय म्हणताहेत दाजी?"

कृष्णकांतनं भट्टीकडे पाहिलं, ग्राइंडरकडे पाहिलं. अट काय होती? आईच्या वस्तूला हात लावायचा नाही. त्यानं तो लावलाच नव्हता! गेले चोवीस तास जिच्या भयानं त्याच्या घशाखाली घास उतरला नव्हता, ती बाई आत चहाच्या आधणासमोर त्याच भयानं उभी होती. एक वाक्य बोलायचा अवकाश, जन्मभराची सोय झाली असती. पण तिचा मघाचा पांढरा चेहरा त्याच्या डोळ्यांसमोरून हलेना.

"म्हणताहेत, असली वस्तू आता कुठे मिळायची नाही!" तो ओरडून म्हणाला.

आत कपबश्या वाजल्या. "मी तरी दुसरं काय सांगत असते?" शशिकलाचा आवाज पूर्ववत ठणठणीत झाला होता. थोड्या वेळानं चहा बाहेर आला, आणि त्याच्याबरोबर न मागता दोन बशा भरून भोपळघारगे. भोपळा तिनं किसणीवर किसला होता.

दसऱ्याच्या दुपारी आपट्याची पानं द्यायला म्हणून कृष्णकांत पिशवी घेऊन उरण नाक्यावर गेला. पिशवीत पानांखाली पाट होता. दाजींनी पातं घडवलं, पाणी दिलं, धार काढली, खोवणीला नऊ दात पाडले. मग कानस त्याच्या हातात ठेवली. "एक दात आकूड करायचा हाय. करा तुमी."

कृष्णकांतनं कानस चालवली आणि ती सटकली. आठ महिन्यांत पहिल्यांदाच त्याचं काम मापात बसलं.

संध्याकाळी शशिकलानं नारळ खोवायला घेतला. खोवण्याआधी तिनं दातांवरून हळूच बोट फिरवलं. ओठ हलत होते, बहुधा मोजत होती. आखूड दाताशी बोट थांबलं आणि तिचा जीव भांड्यात पडलेला त्याला सरळ दिसला.

"बघा," ती म्हणाली, "पूजेला लावली तर धारसुद्धा परत आली. आईची वस्तू ती आईची वस्तू."

"त्यात काय शंका," कृष्णकांत म्हणाला आणि बाविसावी खुंटी करायला परसात गेला.