अंबादासमामांची खटाखट

सोलापूरच्या समस्त नागरिकांना अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते की, आमचे शेजारी अंबादासमामा, वय वर्षे अडुसष्ट, यांनी सुटे भाग जोडून नवा कॉम्प्युटर तयार करून घेण्याचे निश्चित केले असून, त्यासाठी बाजारात मिळणारा सर्वांत मोठ्याने ओरडणारा पंखा त्यांना हवा आहे. नाजूक प्रकृतीच्या मंडळींनी कानांत कापूस घालून ठेवावा.

यातला एकही शब्द वाढवलेला नाही. मी तिथं हजर होतो. शाळेतल्या प्रश्नपत्रिका मी टाइप करतो, तेवढ्या भांडवलावर गल्लीनं मला कॉम्प्युटरतज्ज्ञ करून टाकलं आहे. त्यामुळे एका सकाळी मामा दारात उभे. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशात चष्म्याचं घर.

"मास्तर, चला. थेटर घ्यायचंय."

"कुठलं थेटर, मामा?"

"घरातलं ओ! मोठा पडदा, पाच स्पीकर, गेमा खेळायचं मशीन. सगळं." मग आवाज खाली आणून, म्हणजे फक्त चार घरांना ऐकू जाईल एवढाच ठेवून म्हणाले, "मामीला घर खायला उठतंय. येत्या आयतवारी लेकीकडं पुण्याला निघाली. जायचं तिकीट हाय, यायचं न्हाय. तवर आपलं सगळं उभं राहिलं पायजे."

मामांनी पस्तीस वर्षं यंत्रमाग चालवले. घरामागच्या शेडमध्ये चार माग होते. चादरी, टॉवेल. तीन वर्षांपूर्वी ते विकले. मी या गल्लीत आलो त्यानंतर, त्यामुळे मला ठाऊक होते ते फक्त निवृत्त मामा आणि अबोल मामी. मामींच्या तोंडून 'चहा घ्या' यापलीकडे मी काही ऐकलं नव्हतं. त्यांना सिनेमाची आवड असेल असं कधी वाटलं नव्हतं. पण म्हटलं, असेल.

नव्या पेठेत इरफानचं दुकान आहे. तिशीतला, हुशार, बोलायला गोड माणूस. त्यानं काउंटरवर मदरबोर्ड ठेवला आणि मामांनी तो बाजारात वांगं दाबून बघावं तसा अंगठ्यानं दाबला.

इरफान किंचाळलाच. "चाचा, हात नक्को लगाओ! खराब होता वो!"

"पस्तीस वर्षं सूत हातानं बघितलं, आन् तू मला हात लावू नको म्हणतो? हात लावल्याबिगर मला कळत न्हाय बाबा." मग त्यांनी तो बोर्ड नाकाजवळ नेऊन हुंगलासुद्धा.

इरफाननं माझ्याकडे बघितलं. मी छताकडे.

पण पुढच्या अर्ध्या तासात मामांनी जो वर्ग घेतला, तसा मला वीस वर्षांत घेता आलेला नाही. "हे बघ. हा तुझा प्रोसेसर म्हंजे विणकर. ही रॅम म्हंजे त्याच्या हाताशी ठेवलेल्या सुताच्या कांड्या. विणकर कितीबी चपळ असू दे, कांड्या कमी पडल्या की माग उभा! म्हणून कांड्या जास्त दे. हे ग्राफिक्स कार्ड नक्षी पाडणारं, व्हय ना? आन् ही पॉवर सप्लाय म्हंजे मोटार. हितं काटकसर केलीस तर बाकीचं समदं भंगार."

"एकदम करेक्ट, चाचा," इरफान म्हणाला. आता तो इंजिनिअरिंगच्या पोरांनाही "कांड्या कित्ते देऊ?" असं विचारतो, आणि ती पोरं बिचारी होकारार्थी मान हलवतात.

मग आला मशीन थंड ठेवणारा पंखा.

इरफाननं मोठ्या अभिमानानं एक पंखा चालू करून दाखवला. "सबसे सायलेंट, चाचा. पत्ता भी नहीं चलता."

मामांनी कान लावला. "बंद हाय."

"चालू है ना."

"मग सांगत का न्हाय तसं?"

"पंखा क्या सांगेगा, चाचा?"

"माग चालू हाय का बंद, ते गल्लीच्या टोकावरनं कळायचं! गप मशीन म्हंजे बिघडलेलं मशीन. दुसरा काढ."

दुसरा काढला. तिसरा काढला. शेवटी वैतागून इरफाननं माळ्यावरून एक पंखा खाली आणला. कुणीतरी तक्रार करून परत दिलेला. तो सुरू होताच शेजारच्या दुकानातला माणूस डोकावून गेला. मामांचा चेहरा मात्र उजळला.

"हां! हा बोलतोय बघ."

स्पीकरची परीक्षा वेगळीच. मोठ्या खोक्यासारखा, घुमणारा स्पीकर असतो ना, त्याला मामा सरळ पाठ टेकून बसले. इरफाननं गाणं लावलं. नको. बंदुकांचा खेळ लावला. "दुसऱ्याच्या पोरांना गोळ्या कशाला घालायच्या?" मोटारींची शर्यत लावली. "हे नुसतं कोकलतंय." मग त्यानं मालगाडी चालवायचा खेळ लावला. खटाक्-खट, खटाक्-खट. मामांनी डोळे मिटले. त्यांचा उजवा पाय ठेक्यात हलू लागला.

"हेच दे. बाकी काय न्हाय घातलंस तरी चालेल."

शनिवारी सगळा लवाजमा मागच्या रिकाम्या शेडमध्ये आला. मामी स्वयंपाकघरात पुण्याला न्यायच्या कडक भाकऱ्या थापत होत्या. इरफान टेप घेऊन मापं काढू लागला. स्पीकर कुठं, किती उंचीवर, माणूस कुठं बसणार. मामांनी टेप बाजूला सारली आणि पाचांतले चार स्पीकर उचलून चार ठिकाणी थेट फरशीवर ठेवले.

"चाचा, ऐसा नहीं रखते! आवाज पायांत जायेगा!"

मामांनी एक स्पीकर आणखी बोटभर सरकवला. मी खाली वाकून बघितलं. फरशीत बुजवलेली भोकं होती, तेलाचे काळे डाग होते. चार मागांच्या चार जागा.

"मामा," मी विचारलं, "मामींना सिनेमा आवडतो ना?"

"कुटलं ओ. मध्यंतराच्या आत झोपती." ते स्पीकरची वायर सरळ करत राहिले. "मास्तर, मागांनी आमच्या दोघांचे कान घेतले. हळू बोललं तर ऐकू येत न्हाय, मोठ्यानं बोललं तर गल्ली ऐकती. तिला लाज वाटती. शेडमधी बरं होतं. चार माग धडधडायचे, आन् आमी हातानं, ओठानं बोलायचो. पस्तीस वर्षं लई बोललो बघा. भांडलोबी हितंच. माग गेले, बोलणं गेलं. आता गप घरात हातवारे करत बसलो तर लोक म्हणतील, म्हातारा-म्हातारी कामातनं गेली."

इरफाननं गुपचूप टेप गुंडाळली आणि बटण दाबलं.

खटाक्-खट! खटाक्-खट! पत्रे थरथरले, फरशी हलली. पिठाच्या हातांनी मामी धावत दारात आल्या. रागावल्या होत्या. दोन पावलं आत आल्या आणि थांबल्या. पायांखाली बघितलं. मग मामांकडे.

मामांनी दोन बोटं हलवली, ओठ हलवले. मामींनी कमरेवर हात ठेवला आणि जे सुरू झाल्या! पिठाची बोटं भराभर नाचत होती, भुवया वर-खाली, मध्येच पदर तोंडाला लावून हसणं. मामा हातवाऱ्यांनी उत्तरं देत होते, कपाळाला हात लावत होते, परत काहीतरी विचारत होते. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. चहा घ्या म्हणणाऱ्या त्या बाई अशा बोलत होत्या, की मामांना धड श्वास घ्यायला सवड मिळेना.

पडद्यावरच्या गाडीकडे अर्थातच कुणाचं लक्ष नव्हतं. तिनं लाल सिग्नल तोडला आणि ती आपोआप थांबली. आवाज एकदम बंद. पण बोलण्याच्या भरात असलेल्या मामींना ते समजायला क्षणभर उशीर झाला, आणि भर शांततेत त्या खणखणीत ओरडल्या,

"मग पुण्याला जाऊन मी काय मुकी बसू व्हय?"