मला ठोकता येत नाही

ठोकणाऱ्यानं भरावं. ट्रक मालकाचा असला तरी स्टिअरिंग ड्रायव्हरच्या हातात असतं, तेव्हा नुकसानही ड्रायव्हरच्याच पगारातून गेलं पाहिजे. हे वाक्य कुणा मालकाचं नाही, माझं आहे! मीटिंगमध्ये सत्तावीस ड्रायव्हरांच्या देखत उभा राहून मी ते बोललो. आणि का बोलू नये? बावीस वर्षं ट्रक चालवतोय, गाडीला साधा ओरखडा नाही.

मॅनेजरसाहेबांनी टेबल वाजवलं. "बघा, याला म्हणतात ड्रायव्हर." आणि नियम झाला. गाडीला काही लागलं तर खर्च ड्रायव्हरकडून. शिवाय गाडी गॅरेजात असेपर्यंत ड्रायव्हरनं बिनपगारी घरी बसायचं, शिक्षा म्हणून. त्या दिवसापासून कँटीनमध्ये माझ्या शेजारी कुणी बसेना. मी म्हटलं, बसू नका, जळतात लेकाचे.

आता न ठोकणाऱ्याला काय बक्षीस मिळतं, तेही ऐका. लांबच्या फेऱ्या! महागाचा माल, अवघड घाट, आठ-आठ दिवसांचा रस्ता, सगळं माझ्या वाट्याला. जे ठोकतात ते जवळच्या फेऱ्या मारतात आणि आठवड्याला घरी जेवतात. मी तीन महिन्यांत घरी गेलो नव्हतो. त्यात मध्येच आमच्या घरमालकानं जागा खाली करायला सांगितली, आणि बायकोनं तिच्या भावाला हाताशी धरून सगळा संसार नव्या जागेत हलवला. म्हणजे माझं घर आहे, भाडं मी भरतो, पण ते मी पाहिलेलं नाही. फोनवर ती सांगायची, "अहो, स्वयंपाकघर छान मोठं आहे," आणि मी परक्या गावात ट्रकच्या सीटवर पडून ते स्वयंपाकघर डोळ्यांसमोर आणायचा प्रयत्न करायचो. दर वेळी जुनंच यायचं. खरं सांगतो, असं वाटायचं की गाडी तिथंच सोडावी आणि चालत सुटावं.

तीनदा सुट्टी मागितली. तिन्ही वेळा साहेबांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. "दादा, तुम्ही गेलात तर हा माल कुणाच्या भरवशावर पाठवू?" मीही मूर्ख, फुशारून परत यायचो.

मग एकदा गाडी धुता धुता डोक्यात लख्ख प्रकाश पडला. गाडी ठोकली की घरी बसवतात! मग ठोकायची! फार नाही, मागचा एक दिवा. दिवा येईपर्यंत चार दिवस, बसवायला एक, कारागिराचा आळस धरून आठ. खर्च भरायला मी तयारच होतो, नियम माझाच तर होता.

दुसऱ्या दिवशी डेपोच्या फाटकाचा खांब बघून मी रिव्हर्स टाकला. खांब आरशात मोठा होत गेला. मी मनाशी म्हटलं, जाऊ दे, जाऊ दे. आणि पायानं ब्रेक दाबला. मी नाही हो, पायानं! उतरून बघतो तर दिवा आणि खांब यांच्यात चार बोटांचं अंतर. पुन्हा पुढे घेतली, पुन्हा मागे. या वेळी तीन बोटं. तेवढ्यात वॉचमन धावत आला आणि हात हलवायला लागला, "येऊ द्या, येऊ द्या, बास!"

"तू जा रे बाबा, मला एकट्याला करू दे."

"एकटे करताय?" तो भारावून गेला आणि माणसं गोळा करायला पळाला.

पाचव्या खेपेला माझ्याभोवती पंधरा जण उभे होते. मला घाम फुटला होता. मी डोळे मिटले, दात आवळले, तरी पाय ऐकेना. शेवटी खांब आणि दिवा यांच्यात आगपेटी आडवी जाईल एवढीच फट उरली आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. साहेबांनी मोबाइलवर सगळं टिपलं होतं. "नवीन पोरांना हेच दाखवणार," म्हणाले आणि त्याच आनंदात मला बारा दिवसांची फेरी दिली.

ती फेरी करून परतलो तेव्हा माझी पार दशा झाली होती. आता एकच माणूस उरला होता, भोंगा. हा आमच्याकडचा ड्रायव्हर, आवाज हॉर्नसारखा, आणि वर्षाकाठी पाच-सहा वेळा ठोकणार म्हणजे ठोकणारच. त्याचं घर आमच्याच गावात. मी त्याला बाजूला घेतलं.

"भोंग्या, माझ्या गाडीला मागून जरा धडक दे."

त्यानं माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "दादा, ताप आहे का?"

"घरी जायचंय रे. साहेबांना मी सांगतो, उतारावर माझी गाडी मागे घसरली. चूक माझी, खर्च माझा. तुझं काही गेलं तर तेही मी भरतो."

त्यानं कपाळावरचा हात काढला. मग म्हणाला, "आधी सांगायचं ना. याच्यात तर आपला हात कोण धरणार?"

आणि दिली त्यानं धडक. मात्र एक गोष्ट मी विसरलो होतो. माझी गाडी जपायची म्हणून चार वर्षांपूर्वी मी स्वतःच मागं जाड लोखंडी पट्टी बसवून घेतली होती. माझ्या गाडीचा रंगसुद्धा उडाला नाही. भोंग्याचे दोन्ही दिवे, बंपर आणि रेडिएटर मात्र गेला, आणि खालून धो-धो पाणी वाहायला लागलं.

मी साहेबांच्या केबिनमध्ये अक्षरशः हात जोडले. "साहेब, चूक माझी. मला शिक्षा करा."

साहेबांचे डोळे पाणावले. "दादा, केवढं तुमचं मन! पण तुमची गाडी उभी होती हे वॉचमननं पाहिलंय. शिक्षा भोंग्यालाच."

झालं! भोंगा आठ दिवस घरी. खर्च शब्द दिल्याप्रमाणे मी गुपचूप त्याच्या हातात ठेवला. आणि माणूस कमी पडला म्हणून त्याच्या फेऱ्या कुणाला? मला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. भोंगा घरी निघाला तेव्हा त्याच्याजवळ नव्या घरासाठी घेतलेलं पडद्याचं कापड दिलं आणि म्हटलं, "निदान हे तरी पोहोचू दे."

भोंग्याची फेरी आमच्या गावाबाहेरच्या पुलावरून जाते. आठ दिवस, रोज जाताना एकदा, येताना एकदा. पुलावर थांबायची सोय नाही, आणि गाडी वाटेत रेंगाळली की साहेबांच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर लाल ठिपका पेटतो आणि लगेच फोन येतो. मी गाडी हळू करायचो आणि खाली पसरलेल्या खिडक्या बघायचो. शेकडो खिडक्या. त्यातली एक माझी. बायकोला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ती "मग या की" म्हणाली असती.

आठ दिवसांनी भोंगा परतला, अंगानं चांगला भरलेला. कँटीनमध्ये तो माझ्या शेजारी बसला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच कुणीतरी बसलं होतं.

"दादा, पडदे मीच टांगले. शिवायला वहिनींना एक दिवस लागला. घर झकास आहे तुमचं. वारा काय येतो!"

माझंच घर, आणि मी त्याला हावऱ्यासारखा विचारत होतो. भिंती कुठल्या रंगाच्या? पलंग कुठं मांडलाय? तो सगळं नीट सांगत होता.

"खिडकीतून काय दिसतं?"

"पूल," तो म्हणाला. "अगदी समोर. पुलाला लागून ती फिकट निळी इमारत आहे बघा, तिसरा मजला. हात लांब केला तर गाडीवाल्याला चहा देता येईल. वहिनी दुपारी तिथंच बसतात. ट्रक गेला की मान वर करून बघतात. मी म्हटलं, वहिनी, कशाला बघता, दादा इकडे येत नाहीत. तर म्हणाल्या, ठाऊक आहे हो, पण मान वर होतेच."

मी हातातला चहा खाली ठेवला. ती निळी इमारत मला चांगली आठवत होती. सोळा वेळा मी तिच्या अंगावरून गेलो होतो, आणि दर वेळी पलीकडच्या खिडक्या शोधत होतो.

"माझी फेरी तुमच्याकडे होती हे मला आज कळलं. उद्यापासून ती परत माझ्याकडे," भोंगा चहा संपवत म्हणाला. "साहेबांनी तुम्हाला लांबची काढलीय. वीस दिवसांची."

मी इकडेतिकडे बघितलं. ठोकणाऱ्यानंच भरलं पाहिजे असं छातीठोकपणे सांगणारा मी, त्याच्या कानाशी वाकलो.

"भोंग्या, परत कधी ठोकतोस? भरतो मी."