दगडाला इस्त्री

लहानू मेश्राम यांनी उभ्या जन्मात घरातला एक पेला विसळला नव्हता, आणि आता ते बायकोचा दगड पुसायला निघाले होते. मुलगा प्रीतम सक्करदऱ्याहून माणूस पाठवतो म्हणाला, तर ह्यांनी त्याला फोनवरच उडवून लावलं. माझ्या बायकोचा दगड आहे, मीच पुसणार. प्रीतमने फार ताणलं नाही. बापाने एकदा तोंड फिरवलं की फिरवलं, हे त्याला लहानपणापासून ठाऊक होतं.

प्रेमिलाबाईंना पारशिवनीजवळच्या शेतात, कडुनिंबाखाली माती दिली होती. वर काळ्या ग्रॅनाइटचा तिरका दगड, त्यावर सोनेरी अक्षरं. दगड झकास होता, पण वर्षभर जो येई तो एक मेणबत्ती लावून जाई, आणि भोवती एवढं रान मोकळं असताना ती नेमकी दगडाच्या वरच्या कडेवर लावी. मेण ओघळून ओघळून पार नावापर्यंत आलं होतं. आज पहिला स्मृतिदिन. दुपारी भंते येणार, पाहुणे येणार, आणि प्रेमिलाबाईंची थोरली बहीण रंभाबाई येणार. रंभाबाई कोणाच्याही घरी गेल्या की डब्यांच्या झाकणांच्या कडा आधी बघतात, असा त्यांचा लौकिक.

पण खरं म्हणजे लहानूंना भीती रंभाबाईंची नव्हती. प्रेमिलाने जन्मभर त्यांच्या मागे आवरलं. घरातलं पुसायचं फडकं कुठे असतं हेदेखील त्यांना ती गेल्यावर शोधावं लागलं. तिच्यासाठी एक तरी काम आपल्या हातून धड व्हावं, एवढंच त्यांच्या मनात होतं, आणि ते इतकं मनात होतं की सकाळचा चहासुद्धा न घेता ते शेतावर पोचले.

नखांनी खरवडून पाहिलं, नखंच दुखली. शेजारच्या वावरातला शालिकराम खुरपं घेऊन धावत आला, पण ओरखडे पडतील म्हणून लहानूंनी त्याला हातभर लांब ठेवलं. मग ते कडुनिंबाला टेकून बसले आणि विचार करू लागले की तिने काय केलं असतं. आणि एकदम आठवलं. दीक्षाभूमीच्या गर्दीत एकदा त्यांच्या नव्या पांढऱ्या शर्टावर कोणाच्या तरी मेणबत्तीचं मेण सांडलं होतं. प्रेमिलाने घरी येऊन डागावर कागद ठेवला, वरून गरम इस्त्री फिरवली, आणि सगळं मेण कागदाने पिऊन टाकलं होतं.

"शालिक, तुह्या घरी कोळशाची इस्त्री आहे का गा?"

"आहे ना. काहून?"

"दगडाले फिरवतो."

शालिकराम त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिला. बायको गेल्यापासून भाऊ एकटा पडला, हे त्याला माहीत होतं, पण गोष्ट इथवर आली असेल असं वाटलं नव्हतं. तरी तो गेला आणि निखारे भरून इस्त्री घेऊन आला.

कागद म्हणून फुलं बांधून आणलेला पेपर होता, थोडा ओलसर. लहानूंनी वरच्या कडेवर तो ठेवला, इस्त्री टेकवली, उचलली. मेण गायब. शालिकरामने चक्क मान डोलावली. लहानूंना असा काही हुरूप चढला की पेपरचं रंगीत पान उलगडून त्यांनी ते नावावरच अंथरलं आणि कॉलर दाबावी तशी चांगली दाबून इस्त्री केली.

कागद उचलला तर खाली एक माणूस हात जोडून उभा.

मिशाळ, गळ्यात हार, डोळ्यांवर गॉगल. मेणावर पेपरची शाई जशीच्या तशी उतरली होती. भोवती लहान लहान शुभेच्छुकांची रांग आणि मधोमध उलटी अक्षरं. लहानूंनी हातातलं पान सरळ धरून वाचलं. कोण्या भावी नगरसेवकाचा वाढदिवस होता. मतं मागायला आलेल्या असल्या लोकांना प्रेमिला दारातूनच वाटेला लावायची, आणि आता हा तिच्या नावावर हात जोडून उभा होता. लहानूंनी रुमालाने पुसलं, तर मिशा पसरून कानापर्यंत गेल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणीच आलं. एक काम, तेही असं. शालिकराम साबण आणायला घराकडे पळाला.

तेवढ्यात बांधापाशी ऑटो थांबला आणि रंभाबाई उतरल्या. दुपारचं बोलावणं असताना बाई सकाळीच हजर. लहानू दगडाच्या आड उभे राहायला गेले, पण दगड कमरेइतकाही नव्हता. काय झालं ते त्यांनी मान खाली घालून सांगून टाकलं. रंभाबाई जन्मभर बालवाडीत शिकवत होत्या. पोरांनी उलटी काढलेली अक्षरं वाचून वाचून उलटं त्यांना सरळच दिसे. त्यांनी चष्मा नीट केला आणि वाचलं.

"वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा."

"आता काढतो बाई. साबण येऊन राहिला."

रंभाबाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. दगडाशेजारी बसल्या.

"भाऊजी, तिचा वाढदिवस कधी केला जी तुम्ही?"

लहानूंनी शाईने माखलेला रुमाल खिशात कोंबला. मग म्हणाले, "तिनं कधी म्हटलंच नाही. एक जून ना? दगडावर टाकला आहे."

"ते मास्तरनं लिवलं. मायनं शाळेत नेलं त मास्तरनं आमाले सगळ्याइलेच एक जून देल्ला. मलेबी तोच हाय."

"मंग खरा कोणता?"

"मायले ध्यान नव्हतं. धान कापून राहिली होती, तवा झाली म्हणे. हेच दिवस."

लहानूंनी मान वर केली. शालिकरामच्या वावरात बायका ओळीने वाकून धान कापत होत्या.

शालिकराम साबणाच्या गरम पाण्याची बादली घेऊन आला. लहानूंनी मऊ फडक्याने, घाई न करता, पुसायला घेतलं. आधी गॉगल गेला, मग मिशा, मग हार, मग शुभेच्छुकांची अख्खी रांग. खाली काळा दगड लख्ख निघत होता आणि प्रेमिलाचं पूर्ण नाव दिसू लागलं होतं. एक ओळ तेवढी राहिली, तेव्हा त्यांनी फडकं पिळलं आणि बादलीच्या काठावर वाळत घातलं.

दुपारी भंते आले, पाहुणे जमले. प्रीतम पुढे होऊन मेणबत्ती लावायला वाकला आणि तसाच थबकला.

"बाबा, हे काय लिवलं आईच्या दगडावर? उलटं?"

"वाढदिवस हाय तिचा," लहानू म्हणाले. "पहिला."